तिसरी मुंबई म्हणे!

मंडळी, आधी स्पष्टच लिहिते. पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांना "तिसरी मुंबई" म्हणणं मला मुळीच मान्य नाही. वर्तमानपत्रांनी म्हटलं, दलालांच्या फलकांवर झळकलं, आता आमच्या नात्यातली मुलंही म्हणू लागली. माझा पुण्याचा भाचा तर अभिनंदन करतो, "मावशी, तुझं माहेर तिसऱ्या मुंबईत आलं!" अरे, माझं माहेर कुठेही गेलेलं नाही, ते होतं तिथेच आहे. पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीलगत. मुंबईच तेवढी सरकत सरकत तिथवर आली.

मी आयुष्यभर तिसरीच्या वर्गाला भूगोल शिकवला. तिसरीचं भूगोलाचं पुस्तक म्हणजे आपला जिल्हा. त्यामुळे "तिसरी" म्हटलं की मला आठ वर्षांची मुलं आणि भिंतीवरचा नकाशा आठवतो. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मधे पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, आणि दक्षिणेला सावित्री. पंधरा तालुके. मुलं घडाघडा म्हणायची. मात्र एक गंमत होती. नोकरीच्या सुरुवातीला मी जो जिल्हा शिकवत होते त्याचं नाव होतं कुलाबा. १ जानेवारी १९८१ पासून त्याच नकाशावर मी रायगड शिकवू लागले. नद्या त्याच, डोंगर तेच, खड्डेही तेच.

आताच्या मुलांना कुलाबा म्हटलं की मुंबईतलं कुलाबा आठवतं. आमचा कुलाबा म्हणजे अलिबागसमोरचा पाण्यातला किल्ला. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांची राजधानी झालेला. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. आंग्र्यांचं हे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केलं आणि १८६९ मध्ये ठाण्यापासून वेगळा जिल्हा केला तेव्हा या किल्ल्याचंच नाव त्याला दिलं. पनवेल १८८३ मध्ये आणि कर्जत १८९१ मध्ये या जिल्ह्यात आलं. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा जंजिऱ्याच्या सिद्दींचा मुलूख १९४८ मध्ये सामील झाला. म्हणजे आमचा जिल्हा गोधडीसारखा, तुकडे जोडून शिवलेला. पत्रावर पत्ता लिहिताना "जि. कुलाबा" खाली ठळक रेघ मारायची सवय होती, नाहीतर वाचणाऱ्याला मुंबईचं कुलाबा वाटायचं. (दोन कुलाब्यांचा एक खरा संबंधही आहे. मुंबईच्या कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती आमच्या अलिबागला आणली. मुंबईच्या गोंगाटात न होणारं काम आमच्याकडे होतं, ते असं.)

१९८१ मध्ये मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले, याच जिल्ह्यातले. त्यांनी कुलाब्याचं रायगड केलं. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा निघालेला जिल्हा सिंधुदुर्ग झाला. काही जुनी माणसं तेव्हा हळहळली. मी हळहळले नाही. शिवरायांची राजधानी आपल्या जिल्ह्यात, ६ जून १६७४ चा राज्याभिषेक आपल्या जिल्ह्यात, मग जिल्ह्याने ते नाव मिरवलं तर बिघडलं कुठे? आधीची रायरी महाराजांनी १६५६ मध्ये घेतली, तिचा रायगड झाला. मोगलांनी १६८९ मध्ये घेतल्यावर त्याला इस्लामगड म्हणून पाहिलं. ते नाव आज सांगावं लागतं आणि रायगड शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. चांगली नावं टिकतात.

पण कुलाबा हे नाव पुसून टाकण्यासारखंही नव्हतं, हेही सांगते. महाडला मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ती परिषद "कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद" होती. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं जमिनी न कसता संप केला, तो कुलाबा जिल्ह्यातला संप. चिंतामणराव देशमुख १९५२ मध्ये लोकसभेवर गेले ते कुलाब्यातून. आणि गंमत पाहा, जिल्हा रायगड झाला तरी लोकसभेचा मतदारसंघ कुलाबाच राहिला. २००९ च्या निवडणुकीत प्रथम आम्ही "रायगड" म्हणून मत दिलं. सरकारी दप्तरात नाव बदलायला एक दिवस लागला, दुसऱ्या दप्तरात पोचायला सत्तावीस वर्षं. त्यातून छत्तीसगडात एक रायगढ, ओडिशात एक रायगडा. गोंधळ काही संपला नाही. असो.

मुद्दा असा, की नाव बदलण्याला माझा विरोध नाही. रायगड हे नाव बाहेरून आलं नव्हतं, याच मातीतलं होतं. "तिसरी मुंबई"चं तसं नाही. आणि मुंबईचं नाव आमच्यावर चिकटवण्याची ही काही पहिली वेळ नाही.

१९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर "नवी मुंबई" उभी राहू लागली. ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर ती उभी राहिली त्यांना मोबदल्यासाठी रस्त्यावर यावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पुढे आमच्या पेणच्या बाजूला "महामुंबई" नावाचा सेझ आला. त्यात पेणची २२ गावं अशी होती की जिथे हेटवण्याचं पाणी मिळायचं होतं. २१ सप्टेंबर २००८ ला त्या गावांमध्ये सरकारनेच जनमत घेतलं. लोक रांगा लावून आले आणि बहुतेकांनी नको म्हटलं. माझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती, काठी टेकत गेली होती. तो सेझ पुढे बारगळला. आता मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण मिळून १२४ गावांचं नवनगर जाहीर झालं. त्यात पेण तालुक्यातली गावं सर्वांत जास्त. सरकारी कागदावर त्याचं नाव आहे "कर्नाळा–साई–चिरनेर". बघा, कागदावर तरी आमची नावं आहेत. पण हे नाव कोणी घेतं का? नाही. सगळ्यांच्या तोंडी तिसरी मुंबई.

नवी, महा, तिसरी. मुंबईला जागा कमी पडली की ती खाडी ओलांडते आणि येताना नाव घेऊन येते, आमचं नाव विचारत नाही. चिरनेरच्या माणसांनी २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात इंग्रजांच्या गोळ्या झेलल्या, आपल्या रानावरच्या आपल्या हक्कासाठी. त्या गावाला आज मुंबईचा एक नंबर देऊन टाकायचा?

भाचा म्हणतो, "नावात काय आहे मावशी?" नावात पाणी आहे बाळा. हेटवणे धरण पेण तालुक्यात. त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींना जातं आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मोरबे धरण खालापूर तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबई महापालिकेला, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. शहराचं नाव असलं की नळ आधी तिकडे वळतो. माझ्या लहानपणी आई साठवणीच्या तळ्यातलं पाणी लुगड्याच्या फडक्याने गाळायची. आज माझी भावजय टँकरचं पाणी गाळते. फडकं बदललं, एवढीच प्रगती.

आता रस्त्यांकडे येते, कारण विकासाची सगळी भाषा शेवटी रस्त्यावर येऊन थांबते. "अटल सेतू झाला, आता तुम्ही वीस मिनिटांवर!" कोण तुम्ही? शिवडीहून न्हावा शेवाला जाणारा २१.८ किलोमीटरचा हा पूल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. काम २०१८ मध्ये सुरू झालं होतं. समुद्रावरचा एवढा पूल सहा वर्षांच्या आत होतो, याचं मला कौतुकच आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, मोटारीला एका खेपेचे अडीचशे रुपये. खारेपाटातला भाजीवाला, कोळीण, कॉलेजची मुलगी, यांच्यासाठी तो लांबून बघायचा पूल आहे. आमच्या माणसांसाठी त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट झाली, तिची चर्चा फार कोणी केली नाही. नेरूळहून येणारी लोकल उरणपर्यंत पोचली. तिकीट काढून कोणीही बसतो. मला विचाराल तर त्या दिवसाची मोठी बातमी ती होती.

आणि जमिनीवरचा रस्ता? मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. समुद्रावरचे २१.८ किलोमीटर सहा वर्षांत, जमिनीवरचे ८४ किलोमीटर एका तपाहून अधिक काळ, आणि अजून पेढे वाटायची वेळ आलेली नाही. दर गणपतीला मंत्री पाहणी करतात, खड्डे भरले जातात, नवरात्रापर्यंत पुन्हा उघडतात. ज्या पेणच्या गणेशमूर्ती जगभर जातात, त्या मूर्ती त्याच रस्त्यावरून गवतात गुंडाळून, जीव मुठीत धरून न्याव्या लागतात. बरं, जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एस.टी. आणि आणखी वाहनं माणसांसकट पुरात गेली. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा केला, जून २०१७ मध्ये रहदारी सुरू झाली. म्हणजे मनावर घेतलं की होतं. मनावर घेण्यासाठी आम्ही किती माणसं वाहून जायला हवीत, एवढंच कोणीतरी सांगावं.

रेल्वेचं तर विचारूच नका. कोकण रेल्वे आमच्या रोह्यापासून सुरू होते, जानेवारी १९९८ मध्ये ती मंगळूरच्या दिशेने पूर्ण धावू लागली. जिल्ह्याचं ठाणं असलेल्या अलिबागला मात्र आजही प्रवासी गाडी नाही. रूळ नाहीत असं समजू नका हं! पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत रूळ आहेत, मालगाड्या जातात. खताच्या गोणीला रेल्वे आहे, माणसाला नाही. त्या रुळांवरून प्रवासी गाडी सोडा अशी मागणी मी नोकरीत असल्यापासून ऐकते आहे. निवेदनं, आश्वासनं, परत निवेदनं.

अलिबाग म्हटलं की मुंबईकरांना ते वाक्य आठवतं, "मी काय अलिबागहून आलोय?" म्हणजे मी काय खुळा आहे? एका गृहस्थांनी या वाक्यावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली होती, २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. बरोबरच केलं. वाक्यावर बंदी घालून काय होणार? पण मला हे वाक्य नेहमी दुसऱ्या अर्थाने खरं वाटत आलं आहे. अलिबागहून मुंबईला यायचं म्हणजे खरोखरच काहीतरी करून यायचं! लग्न होऊन मी अलिबागला आले तेव्हापासून रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर जायचे. ओहोटी असली की गाळातून, हातात चपला घेऊन. गेटवे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद, मग एस.टी.ने पेण–वडखळ करत शंभरेक किलोमीटर. रेवसला उभं राहिलं की समोर उरणचा करंजा दिसतो, माणसं ओळखू येतील इतका जवळ. लाँच चुकली तर रस्त्याने पेणला वळसा घालून या. त्या खाडीवर पूल होणार हे अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. आता चाळीस वर्षांनी त्याचं काम हाती घेतल्याच्या बातम्या येतात. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, ती चांगली सोय आहे. मीही गेले आहे तिने, पायीच. पण शनिवारी सकाळी बोटीच्या पोटातून ज्या मोटारी उतरतात त्या बघून कळतं, सोय प्रथम कोणाची झाली ते.

जे जवळचं आणि चांगलं आहे ते मुंबईचं म्हणायचं, ही जुनीच खोड आहे. घारापुरी घ्या. एलिफंटा मुंबईत आहे असं निम्मा महाराष्ट्र समजतो, कारण लाँच गेटवेहून सुटते. ते बेट उरण तालुक्यात आहे हो, जिल्हा रायगड! तिथल्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव दिलं. तो हत्तीसुद्धा इंग्रजांनी उचलून मुंबईला नेला, भायखळ्याला उभा आहे. नाव परक्यांचं, हत्ती मुंबईचा, आणि बेटावरच्या लोकांना वीज मिळाली कधी? समुद्राखालून केबल टाकून, फेब्रुवारी २०१८ मध्ये. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा आहेत. म्हणजे तीस वर्षं जगभरचे पाहुणे वारसा बघून संध्याकाळी मुंबईच्या झगमगाटात परत जात होते आणि गावातली मुलं जनरेटर बंद झाला की पुस्तक मिटत होती. माथेरानचंही तेच, कर्जत तालुक्यातलं गाव, पण "मुंबईजवळचं थंड हवेचं ठिकाण". नव्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. तो आहे पनवेल तालुक्यात, नाव घेतलं जातं नवी मुंबईचं. दि. बां.चं नाव द्यावं म्हणून इथल्या भूमिपुत्रांना २०२१ मध्ये हातात हात घालून मैलोन्‌मैल साखळी करावी लागली.

माझ्या मागच्या लेखावर एका ब्लॉगमित्रांनी लिहिलं होतं की अशाने जमिनीला भाव येतो, गावातल्या लोकांचंच भलं होतं. येतो ना भाव. आमच्या शेजारच्या वाडीत एकाने भातजमीन विकली, गाडी घेतली, घराला फरशी केली. आज तो त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा राखणदार आहे. गाडी दारात उभी आहे, पेट्रोलला पैसे नाहीत. मी त्याला दोष देत नाही, खाऱ्या पाण्याने बांध फुटला की भातशेती म्हणजे काय हाल असतात ते मी पाहिलेत. पण भाव आणि भलं हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं माझ्या तिसरीतल्या मुलांनाही कळायचं. नोकऱ्या येणार असतील तर येऊ देत की! त्यासाठी गावाचं नाव पुसायची गरज काय? पुणं काय "चौथी मुंबई" म्हणवून घेऊन वाढलं? भाच्या, तुझ्या कोथरूडला उद्या असं म्हटलं तर तू फलक फाडशील.

आणि खारेपाट म्हणजे रिकामी जागा, हाही एक समज काढून टाका. तो समुद्राकडून हाताने मिळवलेला मुलूख आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी मातीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या, भरतीचं पाणी बाहेर आणि पावसाचं आत ठेवलं, तेव्हा तिथे भात पिकला. पावसाळ्यात डोंगरावरून येणारं पाणी याच सखल भागात पसरतं. त्यावर भराव टाकून इमारती उभ्या केल्या तर ते पाणी जाणार कुठे? २००५ च्या जुलैत आणि २०२१ च्या जुलैत महाडकरांना सावित्रीने दाखवलं आहे, पाणी वाट कशी शोधतं ते. भूगोलाच्या बाईंनी हे नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

हा ब्लॉग वाचणाऱ्या आमच्या नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना एक साधी विनंती आहे. पत्ता विचारलात की मी गाव, तालुका, जिल्हा सांगेन. तुम्हीही तसंच लिहा. आमंत्रणपत्रिकेवर "अलिबाग, मुंबईजवळ" लिहू नका. मुरूडला, काशीदला जाऊन "अलिबागला जाऊन आलो" म्हणू नका, ते दुसऱ्या तालुक्यात आहेत. आणि तिसऱ्या मुंबईची जाहिरात मला पुढे ढकलू नका, मी ती वाचणार नाही.

१२४ गावांच्या त्या नवनगरासाठी २०२४ मध्ये हरकती मागवल्या होत्या. माझ्या भावाने दिली आहे, साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. मी शुद्धलेखन तपासून दिलं. खाली पत्ता लिहिलाय मु. पो., ता. पेण, जि. रायगड. पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.